बाटलींतील जस्त आणि विहिरीचें पाणी

डाळिंबाच्या बागेवर बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या आपल्या माढा तालुक्यांतील बागाईतदारास कळीचा चुना उघडा ठेवूं नये हें सांगावें लागत नाहीं. भट्टींतून निघालेली टणक कळी चार दिवस दमट हवेंत पडली म्हणजे आपोआप फुटते, फुलते आणि तिची भुकटी होते. तिच्यावर कोणीं पाण्याचा थेंबहि टाकलेला नसतो. हवेंतील अदृश्य वाफ तेवढी पुरते. अख्खी कळी कांहीं काळ दम धरते, परंतु तीच कुटून बारीक करून ठेवली तर फार लवकर बिघडते, हेंहि सर्वांच्या अनुभवाचें आहे. कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम या धातूचा प्राणवायूशीं संयोग होऊन झालेलें ऑक्साइड. त्यास पाणी भेटलें कीं तें पूर्वीचें राहत नाहीं. सध्यां ज्या 'नॅनो' खतांचा बोलबाला चालला आहे त्यांविषयीं लिहावयास बसतांना आम्हांस प्रथम या चुन्याची आठवण झाली, ती उगीच नव्हे.

केंद्र सरकारनें सन १९८५ च्या खत-नियंत्रण आदेशाखालीं सन २०२१ मध्यें द्रवरूप नॅनो युरियास, सन २०२३ मध्यें नॅनो डी.ए.पी.स आणि सन २०२४ मध्यें नॅनो जस्तास मान्यता दिली. यांपैकीं युरिया हें धातूचें ऑक्साइड नव्हे. त्याचें शास्त्र निराळें असून त्याविषयीं आज आम्हांस कांहीं म्हणावयाचें नाहीं. आमचा प्रश्न जस्ताचा आहे. जस्त-ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण पाण्यांत मिसळून पानांवर फवारावे किंवा बियाण्यास चोळावे, म्हणजे झिंक सल्फेटच्या पिशव्या वाहण्याचें कारण उरणार नाहीं, असें अनेक ठिकाणीं सांगण्यांत येतें. कण जितका लहान तितका गुण मोठा, एवढ्या एका वाक्यावर भरंवसा ठेवून घरीं बाटली आणलेले सभासद आम्हांस ठाऊक आहेत. सर्वांनींच ती स्वखुषीनें आणली असेंहि नाहीं. गेल्या हंगामांत दाणेदार खताच्या पिशवीबरोबर बाटली घेतलीच पाहिजे असा आग्रह एका दुकानदारानें आमच्यापाशींहि धरला, व पेरणीचा दिवस हातचा जाऊं नये म्हणून आम्हीं ती निमूटपणें घेतली. ती अजून आमच्या पडवींतील कोनाड्यांत उभी आहे.

यावरून आम्ही नव्या शोधांचे वैरी आहों असा समज वाचकांनीं करून घेऊं नये. ज्या जमिनींना जस्त हवें आहे अशा जमिनी या देशांत थोड्या नाहींत. देशभर तपासलेल्या मातीच्या नमुन्यांपैकीं एक-तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत पिकास मिळण्याजोगें जस्त कमी आढळलें आहे. एका किलोग्रॅम मातींत असें जस्त ०.६ मिलिग्रॅमच्या खालीं गेलें म्हणजे तुटवडा समजतात, आणि चुनखडी मिसळलेल्या काळ्या जमिनींत हा तुटवडा विशेष संभवतो. तेव्हां जस्त द्यावें कीं न द्यावें हा वाद नाहीं. बाटलीवर छापलेलें कणाचें माप आपल्या पाण्यांत आणि आपल्या मातींत कायम राहतें कीं नाहीं, हा वाद आहे. आमचें मत असें कीं, तें राहतें हें जोंपर्यंत आपल्या विहिरींच्या पाण्यावर व आपल्या मातीवर कोणीं दाखवून दिलेलें नाहीं, तोंपर्यंत सभासदांनीं या मालास साध्या जस्ताहून अधिक दाम मोजूं नये, आणि सक्ति तर मुळींच मानूं नये. हें मत कां, तें सांगण्यास थोडें रसायनशास्त्र सांगणें भाग आहे.

कण लहान झाला म्हणजे नेमकें काय होतें? जस्त-ऑक्साइडचा एक सेंटिमीटर लांब, रुंद व उंच असा भरीव ठोकळा घेतला तर त्याचें वजन सुमारें ५.६ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या तोळ्याच्या आसपास भरतें. आणि त्याच्या सहाहि बाजू मिळून पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर होतो. हाच ठोकळा १० नॅनोमीटरच्या ठोकळ्यांत कापला, तर माल तेवढाच राहून पृष्ठभाग ६०० चौरस मीटर भरतो. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) अर्ध्या तोळ्यांत सहा गुंठे! नॅनो मालाचा जो कांहीं गुण आहे तो या सहा गुंठ्यांत आहे, आणि विक्रेते हें सांगतात तें खोटें नाहीं. ते सांगत नाहींत तें एवढेंच कीं या सहा गुंठ्यांवर पिकाच्या आधीं दुसऱ्याच कोणाचें तरी ठाण बसतें. तें ठाण पाण्याचें.

पृष्ठभागावरील अणूंची स्थिति आंतल्या अणूंसारखी नसते. जस्त-ऑक्साइडच्या आंत जस्ताच्या प्रत्येक अणूभोंवतीं प्राणवायूचे चार शेजारी असतात. अगदीं बांधावर असलेल्या अणूचा एखादा शेजारी नाहींसा झालेला असतो, आणि ती उणीव भरून काढण्याकडे त्याचा ओढा असतो. हवेंतील पाण्याचा रेणु तेथें पोहोंचतांच त्यांतील प्राणवायु धातूच्या अणूस धरतो. पुष्कळदां पाण्याचा रेणु तेथेंच दुभंगतो, त्यांतील एक हायड्रोजन शेजारच्या प्राणवायूकडे जातो, आणि पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गटांची दाट लागण होते. हा पहिला थर. त्यावर न दुभंगलेल्या पाण्याचे रेणु दुसरा, तिसरा थर धरतात, परंतु त्यांची पकड सैल असते. पाणी कणाच्या पोटांत न शिरतां पाठीवर बसतें, म्हणून शास्त्रज्ञ यास शोषण न म्हणतां अधिशोषण म्हणतात. चुन्यांत आणि यांत भेद आहे तो हाच. चुन्याची कळी पाण्यानें पोटापर्यंत पालटते. जस्ताच्या किंवा लोखंडाच्या ऑक्साइडचा कण प्रथम पाठीपुरता पालटतो. परंतु कण जितका लहान तितका त्यांत पोटाच्या मानानें पाठीचा वांटा अधिक.

हे थर किती घट्ट बसतात याचीहि मापें आहेत. सैल थर शंभर-दीडशें अंशांच्या उष्णतेनें उडून जातात. हायड्रॉक्सिलचा थर घालविण्यास बहुतेक ऑक्साइडांच्या बाबतींत कित्येक शें अंश लागतात, आणि माल थंड होतांना त्यास हवा लागली कीं तो पुन्हां येऊन बसतो. वाफेचें साधें पाणी होतांना प्रतिमोल सुमारें ४४ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. ऑक्साइडच्या कोरड्या पृष्ठभागावर पहिले रेणु बसतांना सामान्यतः त्याहून बरीच अधिक पडते. आणि या थरास पाणी तें किती लागतें? वरील सहा गुंठ्यांस एकेरी थर देण्यास सुमारें ०.१८ ग्रॅम, म्हणजे मालाच्या वजनाच्या शेंकडा तीन! पावसाळ्यांत उघड्या राहिलेल्या पुडींत एवढी ओल शिरणें कांहींच अवघड नाहीं.

अलेक्झांड्रा नॅव्हरॉट्स्की या अमेरिकन विदुषींनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ही उष्णता मोजण्याच्या कामीं अनेक वर्षें वेंचलीं. त्यांच्या मापनांतून निघालेली मुख्य गोष्ट अशी कीं, पाण्यानें झांकलेल्या पृष्ठभागाची ऊर्जा उघड्या पृष्ठभागापेक्षां कमी असते. पाणी बसल्यानें कण शांत होतो, त्याची हांव निवते. इतकेंच नव्हे, तर कोणतें खनिज टिकेल आणि कोणतें पालटेल हेंहि कणाच्या मापावर व त्यावरील पाण्यावर अवलंबून राहतें. सन २००८ मध्यें लोखंडाच्या ऑक्साइडांसंबंधीं त्यांनीं हें सविस्तर मांडलें. तांबडें हेमॅटाइट आणि पिवळसर, अंगांत पाणी मुरलेलें गोएथाइट यांपैकीं टिकाऊ कोणतें याचें उत्तर मोठ्या खड्याच्या बाबतींत एक आणि नॅनोकणाच्या बाबतींत दुसरें येऊं शकतें. सन २००३ मध्यें कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं तीन नॅनोमीटरच्या झिंक सल्फाइडच्या कणांवर पाण्याचा परिणाम पाहिला, तेव्हां साध्या खोलीच्या तपमानांतच कणांची आंतली मांडणीहि बदललेली आढळली. सल्फाइड म्हणजे गंधकाचें संयुग, ऑक्साइड नव्हे, हें आम्ही विसरत नाहीं. परंतु 'पाणी काय, तें नुसतें वाहून नेण्यापुरतें' असें म्हणणाऱ्यांनीं या प्रयोगाकडे पाहावें.

हें सर्व प्रयोगशाळेंतलें वाटत असेल तर आपल्या शेतांत यावें. आपली काळी माती ज्या चिकणमातीची बनली आहे तिचे पापुद्रे सिलिका व ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांचे असून एकेक पापुद्रा सुमारें एका नॅनोमीटरच्या जाडीचा असतो. शुद्ध स्वरूपांत अशा चिकणमातीच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग सात-आठशें चौरस मीटर भरतो. नॅनो शब्द कानावर येण्यापूर्वीं हजारों वर्षें आपण नॅनो जमिनींत कुळव चालवीत आहों! या मातीचा स्वभावहि सर्वांस माहीत आहे. रब्बींत उघडीप पडली म्हणजे काळींत ढेंकळाच्या आंत ओल दिसते, शेंकडा पंधरा किंवा त्याहून अधिक पाणी मातींत शिल्लक असतें, आणि ज्वारी मात्र माना टाकते. तेवढीच ओल रेताड जमिनींत असती तर पीक डोलत राहिलें असतें. काळींतील तें पाणी पापुद्र्यांच्या पाठीस इतकें घट्ट बसलेलें असतें कीं मुळांचा जोर त्यापुढें चालत नाहीं. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्राचें काम सन १९३३ पासून चालू आहे, आणि मोहोळच्या केंद्रांत निवडलेली मालदांडी ज्वारी आपल्या घरोघरीं आहे. या दोन्ही ठिकाणच्या कामाचें मोल ज्यास कळतें त्यास पाण्याची ही पाठीवरची पकड परकी वाटणार नाहीं.

पहिल्या पावसाच्या वासाचीहि कथा याच जातीची आहे. ऑस्ट्रेलियांतील बेअर व थॉमस या दोघां शास्त्रज्ञांनीं सन १९६४ मध्यें दाखविलें कीं, उन्हाळाभर वनस्पतींचीं तैलद्रव्यें खडकांच्या व मातीच्या कणांवर बसून राहतात, आणि हवेंत ओल वाढूं लागली कीं पाणी त्यांस त्या जागेवरून उठवून आपण बसतें. उठविलेलें तेल हवेंत मिसळतें तोच मृद्गंध. त्यांत मातींतील सूक्ष्म जीवांच्या वासाचीहि भर असते. आपण ज्यास पावसाचा निरोप समजतों तो अधिशोषणाच्या जागेवरून झालेला एक बेदखलीचा दावा आहे, एवढें म्हणून आम्ही मूळ विषयाकडे वळतों.

आपल्या मुरमाचा तांबूस-पिवळा रंग लोखंडाच्या ऑक्साइडांचा आहे. म्हणजे जमिनींत लोखंडास तोटा नाहीं. तरी चुनखडीच्या पट्ट्यांत ऊंसावर केवडा पडतो, पानें पिवळीं-पांढरीं होतात, आणि शेतकरी लोहासाठीं हिराकस आणावयास जातो. याचें कारण त्या ऑक्साइडांचा पृष्ठभाग व त्यास वेढणारें पाणी. जमिनीचा सामू एका अंकानें चढला कीं त्रिसंयुजी लोह विरघळण्याचें प्रमाण हजारपटीनें उतरतें, जस्ताचें शंभरपटीनें. आपल्या काळ्या चुनखडीयुक्त जमिनींचा सामू बहुधा आठच्या पुढें असतो. अशा जमिनींत जस्त-ऑक्साइडचा कण कितीहि बारीक करून टाकला तरी त्यांतून सुटलेलें जस्त लोखंडाच्या ऑक्साइडांच्या व चुनखडीच्या पाठीवर बसण्याचीच भीति अधिक. म्हणूनच जमिनींतून न देतां पानांवर फवारा, असें सांगतात. तें एका अर्थीं शहाणपणाचेंहि आहे. परंतु फवारणीच्या टाकींत काय होतें तें कोण पाहतो?

टाकींत घडतें तें असें. कणावर बसलेले हायड्रॉक्सिल गट पाण्याच्या सामूप्रमाणें हायड्रोजन घेतात किंवा सोडतात. आंबट पाण्यांत ते घेतात आणि कणास धन विद्युत्भार येतो. खारट-अल्कली पाण्यांत ते सोडतात आणि ऋण भार येतो. सारख्या भाराचे कण एकमेकांस दूर लोटतात, आणि म्हणूनच ते पाण्यांत सुटे तरंगत राहतात. या दोहोंच्या मध्यें एक सामू असा येतो कीं तेथें भार शून्य होतो, आणि मग कणांस दूर ठेवणारें कांहीं उरत नाहीं. ते एकमेकांस बिलगून त्यांच्या गुठळ्या होतात. जस्त-ऑक्साइडच्या बाबतींत हा सामू नऊच्या आसपास आहे. आपल्या काळ्या पाषाणांतील विहिरींचें व कूपनलिकांचें पाणी सामान्यतः अल्कलीकडे झुकलेलें, म्हणजे या धोक्याच्या अंकापासून फार दूर नसतें. त्यांत भर म्हणून त्या पाण्यांत चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात, आणि विरघळलेले क्षार कणांमधील हा दुरावा आणखी आंखूड करतात. ज्या पाण्यांत डाळ लवकर शिजत नाहीं आणि साबणास फेंस येत नाहीं, त्या पाण्यांत नॅनोकण सुटा राहील अशी आशा धरणें आम्हांस धाडसाचें वाटतें. ज्या प्रयोगांच्या बळावर हा माल गौरविला जातो त्यांतील कित्येक प्रयोग मात्र क्षार काढून टाकलेल्या शुद्ध पाण्यांत केलेले असतात. आपल्यांतील किती जण उर्ध्वपातित पाण्यानें बाग फवारतात?

हें आम्ही केवळ तर्कानें बोलत नाहीं. सन २००७ मध्यें ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं सुमारें ३० नॅनोमीटरचे म्हणून मिळणारे जस्त-ऑक्साइडचे कण आणि साधी जस्त-ऑक्साइडची भुकटी यांची गोड्या पाण्यांत तुलना केली. ते नॅनोकण पाण्यांत पडतांच त्यांच्या मूळ मापाच्या कितीतरी पट मोठ्या गुठळ्या झाल्या. आणि सामू ७.६ असतां दोन्ही प्रकारांतून सरतेशेवटीं विरघळलेलें जस्त जवळजवळ सारखेंच, एका लिटरांत सुमारें १६ मिलिग्रॅम भरलें. पाण्यांतील शेवाळावर जो परिणाम झाला तोहि विरघळलेल्या जस्ताचाच ठरला. कणाच्या बारकाव्याचा स्वतंत्र प्रभाव दिसला नाहीं. पुढें त्याच देशांत सन २०१५ मध्यें दाणेदार खतावर नॅनो व साध्या जस्त-ऑक्साइडचा लेप देऊन मातींत पाहण्यांत आलें, तेव्हां जस्त मातींत पसरण्याच्या बाबतींत नॅनोची सरशी आढळली नाहीं.

दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. सन २०१२ मध्यें तिरुपति येथें भुईमुगावर केलेल्या प्रयोगांत सुमारें २५ नॅनोमीटरच्या जस्त-ऑक्साइडनें दशलक्षांश १००० या प्रमाणांत उगवण, मुळांची वाढ व उत्पन्न यांत चांगला गुण दाखविला. याच प्रयोगांत प्रमाण दुप्पट होतांच अपाय दिसला, हेंहि लक्षांत ठेवावें. 'नैसर्गिक कण, जास्त झाला तरी बाधत नाहीं' ही दुकानांतील भाषा त्यानें खोटी ठरते. आम्ही हा प्रयोग बाजूस सारीत नाहीं. फक्त तिरुपतीची माती व पाणी माढ्याचें नव्हे, एवढेंच आमचें म्हणणें.

कारखानदार यावर एक उत्तर देतील व तें ऐकण्याजोगें आहे. ते म्हणतील कीं, आम्ही कण उघडा पाठवीत नाहीं. त्यावर सेंद्रिय द्रव्याचें वेष्टण चढवितों, म्हणजे पाण्यास व गुठळीस आळा बसतो. खरें आहे. परंतु मग बाटलीचा सगळा गुण त्या वेष्टणावर आला, आणि त्याविषयीं लेबलावर अवाक्षर नसावें हें कसें? वेष्टण कशाचें, कठीण पाण्यांत तें किती तास टिकतें, बाटली उन्हाळ्यांत पत्र्याच्या शेडखालीं राहिली तर काय होतें, हे प्रश्न विचारण्याचा ग्राहकास पूर्ण अधिकार आहे. बाटलींत जस्त शेंकडा किती हेंहि बारकाईनें वाचावें. साध्या सात-पाणी झिंक सल्फेटांत जस्त शेंकडा २१ असतें; लिटरामागें येणारी किंमत न पाहतां जस्ताच्या ग्रॅमामागें येणारी किंमत काढून पाहिली तर पुष्कळांचे डोळे उघडतील.

कोणी म्हणेल, शेतकऱ्यास इतकें शास्त्र कशाला? आम्हांस हा आक्षेप नेहमींच चमत्कारिक वाटत आला आहे. बोर्डो मिश्रण करणारा बागाईतदार यांतलें बहुतेक शास्त्र हातानें जाणतो. मोरचूद एकीकडे, चुना दुसरीकडे विरघळवून तो दोन्ही एकत्र ओततो, तेव्हां जो निळा लुसलुशीत साका येतो तो तांब्याच्या पाणीदार, अतिसूक्ष्म कणांचा असतो. त्यांत विळा बुडवून तो पाहतो. पात्यावर तांबूस पुट चढलें कीं चुना कमी पडला हें ओळखून आणखी चुना घालतो. आणि मिश्रण त्याच दिवशीं फवारून संपवितो, कारण दुसऱ्या दिवशीं साका भरड होऊन पानास पूर्वीसारखा चिकटत नाहीं. कण पाण्यांत राहून पालटतो, ताजा निराळा आणि शिळा निराळा, हा धडा ज्यानें फ्रान्सांत सन १८८५ पासून रूढ झालेल्या या औषधावर घेतला, त्यास नॅनो जस्ताचा धडा अवघड कां जावा? अवघड जातो तो एवढ्यासाठींच कीं, बोर्डोंत काय आहे तें त्यास माहीत असतें आणि बाटलींत काय आहे तें माहीत नसतें.

आतां आमची मागणी. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचें कोरडवाहू केंद्र सोलापुरांत आहे. सोलापूरजवळच केगांव येथें सन २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. मोहोळचें कृषि विज्ञान केंद्र तर आपल्या वेशीवरचें. या संस्थांनीं माढ्याच्या मातींत चार वाफ्यांची तुलना करून द्यावी: एकास जस्त नाहीं, दुसऱ्यास झिंक सल्फेट, तिसऱ्यास साधें जस्त-ऑक्साइड आणि चौथ्यास नॅनो, आणि शेवटच्या तिघांत जस्ताचें वजन नेमकें सारखें. तिसरा वाफा वगळतां कामा नये. कांहींच न दिलेल्या पिकाशीं नॅनोची तुलना करून नॅनो जिंकलें म्हणणें म्हणजे उपाशी माणसाशीं जेवलेल्याची कुस्ती लावण्यासारखें आहे. शिवाय तीच तुलना दोन पाण्यांवर व्हावी. उजनीचें धरण आपल्याच तालुक्याच्या हद्दींत असून सन १९८० पासून त्याच्या पाण्यावर आपले मळे उभे राहिले. एकाच गांवांत एका बांधावर कालव्याचें पाणी आणि पलीकडच्या बांधावर कूपनलिकेचें, अशी आपली स्थिति आहे. कालव्याच्या पाण्यावर जो निकाल येईल तोच कूपनलिकेच्या पाण्यावर येईल असें धरून चालणें वरील विवेचनानंतर कोणीहि मान्य करणार नाहीं. असा निकाल नॅनोच्या बाजूनें लागला तर आम्ही याच पानांवर तो आनंदानें छापूं, व आमचें आजचें मत मागें घेऊं.

तोंवर फवारणी करणाऱ्यांनीं एक-दोन गोष्टी तरी पाळाव्या. जस्ताचें कोणतेंहि द्रावण स्फुरदयुक्त विद्राव्य खताबरोबर एका टाकींत मिसळूं नये. स्फुरद जस्तास धरून न विरघळणारें संयुग करतो. फवारणीस पावसाचें सांठविलेलें किंवा कालव्याचें पाणी मिळत असेल तर तें घ्यावें. बाटली उघडली कीं ती त्याच हंगामांत संपवावी व पाण्यांत मिसळलेला माल उद्यांसाठीं ठेवूं नये.

संस्थेच्या पुढील मासिक सभेच्या दिवशीं एक साधी परीक्षा सर्वांसमक्ष करण्याचें आम्हीं योजिलें आहे. सभासदांनीं आपापल्या विहिरीचें किंवा कूपनलिकेचें एक लिटर पाणी स्वच्छ कांचेच्या बाटलींत भरून, वर गांवाचें नांव व पाण्याचा प्रकार लिहून आणावें. कुर्डुवाडी, मोडनिंब व टेंभुर्णी या तिन्ही बाजूंचें पाणी आलें तर उत्तमच. प्रत्येक बाटलींत नॅनो जस्ताचें सारखें प्रमाण घालून ती ढवळण्यांत येईल, आणि जोडीला पावसाच्या पाण्याची एक बाटली ठेवण्यांत येईल. अर्ध्या तासानें, सायंकाळीं व दुसऱ्या दिवशीं सकाळीं कोणत्या बाटलीच्या तळाशीं किती सांखा बसला तें प्रत्येकानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें व वहींत टिपून ठेवावें. तळाशीं बसलें म्हणजे तें पिकास निरुपयोगी असें यावरून सिद्ध होत नाहीं, आणि तसा दावा आम्ही करणारहि नाहीं. परंतु कोणाच्या पाण्यांत कण सुटा राहतो व कोणाच्या पाण्यांत गुठळी धरतो, याची पहिली खूण त्यांतून मिळेल. या कामीं लागणारें नॅनो जस्त विकत घेण्याचें कारण नाहीं. आमच्या कोनाड्यांतील ती बाटली आम्ही घेऊन येत आहों.